अनुशयाची मुदत आणि वॉरंटीची विक्री

विद्युत्-उपकरणांच्या दुकानात दूरदर्शन संच किंवा शीतकपाट विकत घेणाऱ्या ग्राहकास, किमतीची घासाघीस संपल्यावर आणि पावती तयार होण्यापूर्वी, आणखी एक वस्तू विकली जाते. तिला आकार नाही, वजन नाही. आणि पैसे मोजल्यापासून बहुधा वर्षभर तिचा काही उपयोगही नसतो. ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’, बोलीत ‘वाढीव वॉरंटी’, हे तिचे नाव. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ह्या शहरांतील मोठ्या दुकानांतून तिची विक्री ज्या आग्रहाने होते, तो आग्रह सामान्यतः ग्राहकांच्या तक्रारींचा विषय मानला जातो. तथापि त्यामागे विधीचा आणि भाषेचा एक दीर्घ इतिहास उभा आहे. खरेदी केल्यावर मन पालटण्यास ग्राहकाला किती अवकाश असावा, ह्या जुन्या प्रश्नाचे ते अगदी अलीकडचे रूप होय.

धर्मशास्त्रकारांनी हा प्रश्न क्षुल्लक मानलेला नाही. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत ‘क्रयविक्रयानुशय’ हे एक स्वतंत्र पद आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. घेणाऱ्याला अथवा विकणाऱ्याला व्यवहार केल्याचा पश्चात्ताप झाला, तर दहा दिवसांच्या आत तो मोडता येतो, असे मनूचे सांगणे. याज्ञवल्क्याने ह्या सरसकट मुदतीऐवजी वस्तूच्या स्वभावाप्रमाणे परीक्षेचा काळ ठरवून दिला : बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. बियाणे रुजते की नाही हे कळण्यास दहा दिवस लागतात आणि गाय दूध किती देते हे तीन दिवसांत उमगते, हा व्यवहारातला अनुभव त्यात सरळ उतरला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर हा काळ धंद्यानुसार बदलतो. व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच. बाजाराची ज्याला अधिक जाण त्याला पश्चात्तापाला कमी वेळ, असा त्याचा अर्थ लावण्यास हरकत नसावी. म. म. पां. वा. काणे ह्यांच्या धर्मशास्त्रविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात (१९४६) ह्या व्यवहारपदांचा सविस्तर परामर्श आहे.

नारदस्मृतीतील व्यवस्था प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. खरेदीच्याच दिवशी वस्तू न बिघडवता परत केल्यास ग्राहकाला काही तोशीस नाही. दुसऱ्या दिवशी परत केल्यास किमतीचा तिसावा हिस्सा गेला. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यापुढे वस्तू त्याचीच. पश्चात्तापाला येथे मोल आहे, परंतु ते मोल पश्चात्ताप झाल्यावर, आणि ज्याला तो झाला त्याच्याकडूनच घेतले जाते. निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्या विक्रेत्यावर मात्र नारदाने दुप्पट किमतीचा आणि तेवढ्याच दंडाचा बोजा टाकला आहे. वस्तूतील दोषाची जबाबदारी एकाची आणि मन पालटण्याची दुसऱ्याची, अशी ही स्वच्छ विभागणी होती. ती बाजारात नेहमी पाळली गेली, असे अर्थात् म्हणता येणार नाही. स्मृतींतील नियम आणि पेठेतील वहिवाट ह्यांत अंतर असणारच.

खेड्यात प्रश्नाचे रूप निराळे होते. त्रिं. ना. आत्रे ह्यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) ह्या ग्रंथात बलुतेपद्धतीचे जे वर्णन आहे, त्यावरून सुताराने नांगर दुरुस्त करणे हे वेगळ्या किमतीचे काम नसून सुगीच्या वेळी मिळणाऱ्या धान्यात ते अंतर्भूत होते हे दिसते. दुरुस्तीचे वचन वस्तूला चिकटलेले नव्हते, माणसाला चिकटलेले होते. त्या चिकटण्यात जातीची बेडी होती, हे विसरून त्या व्यवस्थेचे गोडवे गाणे योग्य होणार नाही. पेशवाईतील कागदपत्रांत भेटणारे हाजीरजामीन व मालजामीन हेही असेच. पहिला माणूस हजर राहील म्हणून, दुसरा पैसा फिटेल म्हणून आपली मान अडकवून घेई. ‘जामीन’ हा शब्द अरबी, पण मराठीत तो पुरता मुरला. आणि जामीन राहणे म्हणजे स्वतः धोका पत्करणे हा त्याचा अर्थ कधी सुटला नाही.

‘गॅरंटी’ आणि ‘वॉरंटी’ हे शब्द इंग्रजीतून आले. ते मुळात एकच आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रक्षण करणे ह्या अर्थाच्या एका जर्मानिक शब्दाचे उत्तर फ्रान्समध्ये ‘व’-कारयुक्त आणि मध्य फ्रान्समध्ये ‘ग’-कारयुक्त रूप झाले, आणि इंग्रजीने निरनिराळ्या काळी दोन्ही उचलली. ‘वॉर्डन’ आणि ‘गार्डियन’ ही जोडी तशीच. भाषेत दोन समानार्थी शब्द फार काळ शेजारी राहिले की त्यांच्यात अर्थाची वाटणी होते. आपल्याकडील दुकानांत ती अशी झाली : गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. हा भेद कोणत्याही कायद्यात नाही. १८७२ च्या करार अधिनियमातील ‘गॅरंटी’ म्हणजे तिऱ्हाइताची जामिनकी. १९३० च्या मालविक्री अधिनियमातील ‘वॉरंटी’ म्हणजे करारातील आनुषंगिक अट, जी मोडल्यास नुकसानभरपाई मागता येते पण माल नाकारता येत नाही. माल नाकारण्याचा हक्क ‘कंडिशन’ ह्या अधिक बलवान अटीस जोडलेला आहे. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या कार्डावर ठळक छापलेला असतो तो दोहोंतील दुबळा शब्द. बोलीत मात्र ‘गॅरंटी’ कार्डाबाहेर पडली. पावसाची गॅरंटी नाही, कर्जत लोकलची गॅरंटी नाही, माणसाची तर नाहीच नाही, असे डोंबिवलीकर सहज बोलून जातो. ‘वॉरंटी’ला हे भाग्य लाभले नाही, ती कागदावरच राहिली.

ह्या शब्दांना घरात प्रवेश मिळाला तो दूरदर्शनबरोबर. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले. हाच काळ मुंबईतील मध्यमवर्ग रेल्वेमार्गाने उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकण्याचा होता. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आलेल्या लोहमार्गावर आता नोकरदारांची शहरे वाढत होती. ठाण्यास १९८२ मध्ये व कल्याणास १९८३ मध्ये महानगरपालिका झाली. संच ही तेव्हा कचेरीच्या पतपेढीतून कर्ज काढून घेण्याची वस्तू होती. नौपाड्यात किंवा फडके रस्त्यावर तो विकणारा दुकानदार गल्ल्यावर स्वतः बसे, आणि कार्डावर त्याने मारलेला शिक्का हाच खरा जामीन समजला जाई. संच बिघडला की जायचे कोठे हे ठाऊक असे, आणि दुकानदारालाही तो ग्राहक पुन्हा समोरून जाणार हे ठाऊक असे.

१९९१ नंतर आयातीचे निर्बंध सैलावले, वस्तू स्वस्त झाल्या, आणि २००६ च्या सुमारास मोठ्या भांडवलाच्या साखळी-दुकानांचे युग मुंबई परिसरात अवतरले. वस्तूवरील नफा स्पर्धेने घटत गेला. जो नफा वस्तूत उरला नाही, तो वस्तूच्या भोवती शोधला जाऊ लागला : कर्जात, जोडणीत, संरक्षक आवरणात आणि वाढीव वॉरंटीत. गल्ल्यावरचा मालक जाऊन तेथे पगारी विक्रेता आला. बहुधा तो बदलापूर-टिटवाळ्याकडून येणारा, दिवसभर उभा राहणारा, महिन्याचे ‘टार्गेट’ डोक्यावर असलेला तरुण असतो. वाढीव वॉरंटी किती खपली ह्यावर त्याचा ‘इन्सेंटिव्ह’ ठरतो. आग्रहाचा उगम त्याच्या स्वभावात नाही, ह्या मोजणीत आहे.

त्याच्या भाषेकडे बारकाईने पाहिले तर आग्रहाचे व्याकरण दिसू लागते. तो ‘वॉरंटी हवी का?’ असे विचारीत नाही. ‘काकू, दोन वर्षांची घालू की तीन?’ असे विचारतो. नकाराला ह्या वाक्यात जागाच ठेवलेली नाही. घ्यायचे हे गृहीत धरून केवळ किती एवढाच विकल्प उरतो. दुसरा प्रकार शेवटच्या ‘ना’चा : ‘सेफ्टीसाठी टाकून देतो ना.’ हा ‘ना’ प्रश्नाचा सूर ठेवतो आणि होकार आधीच उचलतो. तिसरा प्रकार संकेतार्थाचा : ‘उद्या पॅनेल गेले तर नवीन संचाएवढाच खर्च येईल, काका.’ जी वस्तू मघापर्यंत निर्दोष म्हणून वाखाणली, तीच आता बिघडणारी म्हणून रंगविली जाते. दोन्ही विधाने एकाच तोंडातून, दहा मिनिटांच्या अंतराने. काका, काकू, दादा, ताई ही संबोधने उपनगरी मराठीत शेजारधर्माची खूण आहेत. नातेवाचक शब्दाला तुटक नकार देणे जड जाते, आणि विक्रीच्या प्रशिक्षणाने हे नेमके हेरले आहे. खरेदी गुढीपाडव्याची किंवा दसऱ्याची असेल तर काळाचीही मदत होते. साडेतीन मुहूर्तांवर ग्राहक वस्तू घरी नेण्याच्या निश्चयानेच आलेला असतो. त्यात ‘ही सवलत आजच’ हे पालुपद जोडले की विचाराला उसंत राहत नाही.

ह्या विक्रीचे गणित साधे आहे. उदाहरणादाखल ४०,००० रुपयांच्या संचावर दोन वर्षांची वाढीव वॉरंटी ४,००० रुपयांना दिली जाते असे समजू. होणारी दुरुस्ती सरासरी ८,००० रुपयांची धरली, तर हा सौदा ग्राहकाला बरोबरीचा ठरण्यासाठी त्या दोन वर्षांत निम्म्या संचांत असा बिघाड व्हावा लागेल. यंत्रांच्या बिघाडाची रेषा बाथटबच्या आकाराची असते, असे अभियंते सांगतात. आरंभी घडणीतल्या दोषांमुळे बिघाड अधिक, मग बराच काळ थोडे, आणि अखेरीस झिजेमुळे पुन्हा अधिक. आरंभीचा काळ उत्पादकाच्या मूळ वॉरंटीत मोडतो. वाढीव वर्षे पडतात ती बहुतांशी तळच्या सपाट भागात. परंतु ४,००० हा आकडा ग्राहकापुढे क्वचितच येतो. बारा हप्त्यांत तो महिना सुमारे ३३३ रुपये होतो आणि मूळ हप्त्यात मिसळून जातो. शून्य टक्के व्याजाच्या योजनांत खरा आकार झाकला जातो, ह्याकडे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांचे लक्ष वेधले होते; त्या झाकणाखाली वॉरंटीही सुखाने बसते.

वाढीव वॉरंटी कोणालाच उपयोगी पडत नाही, असे मात्र नाही. महागडा पडदा असलेला संच, दुरुस्तीचे एकरकमी पैसे उभे करू न शकणारे घर, अशा ठिकाणी तिला अर्थ आहे. पण ती कशापासून वाचविते ह्याविषयी फार गैरसमज आढळतो. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीकाठच्या वस्त्यांतील तळमजल्यांवर जी शीतकपाटे पाण्याखाली गेली, त्यांना कोणत्याही वॉरंटीने तारले नसते. नैसर्गिक आपत्ती, पडझड, बहुधा विजेच्या दाबातील चढउतारही, हे अपवादांत मोडते. तो विम्याचा प्रांत होय.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न दोन दशकांपूर्वी शासनापुढे आला. तेथील स्पर्धा आयोगाने डिसेंबर २००३ मध्ये अहवाल दिला; वस्तू विकली जाते त्या जागी ग्राहकापुढे दुसरा विक्रेता नसतो, म्हणून स्पर्धा चालत नाही, हे त्याचे मर्म. त्यानुसार २००५ च्या आदेशाने वॉरंटीची किंमत वस्तूशेजारी लावणे, देऊ केलेला भाव तीस दिवस कायम ठेवणे आणि घेतल्यावर पंचेचाळीस दिवसांत ती रद्द करण्याची मुभा देणे बंधनकारक झाले. नारदाच्या तीन दिवसांचे हे पंचेचाळीस झाले, एवढेच म्हणावयाचे. तत्त्व तेच.

महाराष्ट्रात ग्राहकांचे संघटन जुने आहे. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी ह्यांनी ग्राहक पंचायतीचा आरंभ केला. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. ग्राहक संरक्षण अधिनियम १९८६ मध्ये झाला आणि त्याची जागा २०१९ च्या अधिनियमाने घेतली. ह्या नव्या अधिनियमात एक वस्तू घेतल्याशिवाय दुसरी न देणे ही निर्बंधक व्यापारी प्रथा ठरते. तेव्हा वॉरंटी घेतल्याविना संच न विकणारा दुकानदार कायद्याच्या कचाट्यात येतो. पण आग्रह म्हणजे सक्ती नव्हे, आणि येथेच कायद्याचे बोट निसटते. नोव्हेंबर २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी, न विचारता टोपलीत जादा वस्तू टाकणे, नकार देणाऱ्यास ओशाळे करणे, खोटी घाई लावणे अशा तेरा क्लृप्त्यांना नावे दिली. उदाहरणे प्रामुख्याने संगणकाच्या पडद्यावरील आहेत. पडद्यावरील खूण जपून ठेवता येते, ‘टाकून देतो ना’ जपून ठेवता येत नाही.

वॉरंटी ही वस्तूचा भाग की वेगळी सेवा, हा प्रश्न करखात्यालाही सोडवावा लागला. जून २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले की वाढीव वॉरंटी देणारा वस्तूच्या विक्रेत्याहून निराळा असेल, तर एकाच वेळी घेतली तरी ती वेगळी सेवाच समजावी. म्हणजे जुना तिऱ्हाईत जामीन पुन्हा उभा राहिला. मात्र पूर्वी तो वचन देऊन धोका घेई, आता धोक्याचा हिशेब आधी करून वचन विकतो.

ह्या वचनाचा करार बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत असतो. त्याविषयीचे सारे बोलणे मराठीत किंवा मराठी-हिंदीच्या मिश्रणात होते. लेखी कराराच्या शर्ती तोंडी पुराव्याने बदलता येत नाहीत, हे आपल्या पुरावा-कायद्याचे १८७२ पासूनचे तत्त्व २०२३ च्या अधिनियमातही कायम आहे. ग्राहक आयोग त्या पद्धतीने काटेकोर बांधलेले नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस तेथे शुल्कही नाही. तरीही तेथे हजर होतो तो कागद. ग्राहकाची संमती म्हणून त्या कागदामागे पुष्कळदा एवढेच असते, की भ्रमणध्वनीवर आलेले काही अंक त्याने विक्रेत्याला मोठ्याने वाचून दाखविले.