निवृत्तांची वसाहत : घर घेण्यापूर्वी

‘वृद्धाश्रम’ या शब्दाला मराठीत उपेक्षेची छटा कायमची चिकटली आहे. मुलांनी टाकले म्हणून आई-वडील तेथे गेले, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. पुण्यात ‘निवारा’ या नावाने परिचित असलेल्या डेव्हिड ससून अनाथ पंगू गृहासारख्या एकोणिसाव्या शतकातील संस्था निराधारांसाठी उभ्या राहिल्या, आणि ते काम आजही मोलाचे आहे. गेल्या पंचवीसेक वर्षांत मात्र एक निराळी व्यवस्था रुजली आहे. स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या निर्णयाने, समवयस्कांच्या सोबतीत राहण्यासाठी बांधलेली ही गृहसंकुले आहेत. पुण्यातील परांजपे स्कीम्सची ‘अथश्री’ संकुले, माथेरानच्या पायथ्याशी नेरळला डिग्निटी फाउंडेशनने उभारलेली वसाहत ही महाराष्ट्रातील परिचित उदाहरणे. दक्षिणेत कोइमतूरच्या परिसरात अशा वसाहती मोठ्या संख्येने आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपुढील लोकसंख्या एक कोटी दहा लाखांच्या वर, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ९.९ टक्के होती. मुले परदेशी किंवा परगावी, जुन्या इमारतीला लिफ्ट नाही, कामाला येणारी बाई कधी सोडून जाईल याचा नेम नाही; अशा घरांतून या वसाहतींची चौकशी सुरू होते.

ही कल्पना मूळची अमेरिकेतील. ॲरिझोनातील ‘सन सिटी’ डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी खुली केली. गोल्फचे मैदान, करमणूक केंद्र, बाजार आणि काही नमुना घरे एवढीच तयारी होती. तरी ती पाहायला पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसे लोटली, असे सांगितले जाते. विकली गेली ती घरे नव्हेत, तर निवृत्तीनंतरच्या मोकळ्या आयुष्याचे चित्र. आपल्याकडील माहितीपत्रकांतही तेच चित्र असते. हिरवळीवर योगासने, कॅरमभोवती हसणारे चेहरे, पांढरे केस पण ताठ कणा. चित्र खोटे नसते. ते पहिल्या दहा वर्षांचे असते.

असे घर बहुधा पासष्टीच्या आसपास, प्रकृती ठीक असताना घेतले जाते. त्याची खरी परीक्षा मात्र ऐंशी उलटल्यावर होते. म्हणून वसाहत चांगली की वाईट हे ठरवताना क्लब हाउसपेक्षा एकाच प्रश्नाला अधिक वजन द्यावे : येथील रहिवासी अंथरुणाला खिळला, तर पुढे काय होते?

या प्रश्नाचे उत्तर तोंडी न घेता करारात शोधावे. काही संकुले केवळ स्वावलंबी ज्येष्ठांसाठी असतात. स्वतःची आंघोळ, जेवण, औषधे स्वतः सांभाळू न शकणाऱ्या रहिवाशाची सोय नातेवाइकांनी अन्यत्र करावी, असे कलम तेथे असू शकते. काही ठिकाणी त्याच आवारात शुश्रूषा विभाग असतो. पण तेथील खाटा किती आणि सदनिका किती, हे प्रमाण पाहिल्यावर त्या सोयीचे खरे मोल कळते. दोनशे सदनिकांमागे सहा खाटा असतील, तर संकुल नवे आहे तोवर त्या रिकाम्या दिसतील आणि पंधरा वर्षांनी त्यांसाठी रांग लागेल. कारण अशा वसाहतीत सारे एकाच सुमारास राहायला येतात आणि एकाच सुमारास थकतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला ठेवून घेतात की नाही, रात्रपाळीला प्रशिक्षित परिचारिका असते की फक्त पहारेकरी, बाहेरून आणलेल्या आयाला घरात राहू देतात का, तिच्यासाठी निराळा आकार पडतो का, हे सारे लेखी असावे. व्यवस्थापक या प्रश्नांना मोघम उत्तरे देऊ लागला, की तेही एक उत्तर समजायला हरकत नाही.

इमारतीबाबत आता ग्राहकाच्या हाती काही निकष आले आहेत. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या गृहसंकुलांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि २०२४ मध्ये महारेराने राज्यातील अशा प्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले. चाकाची खुर्ची सहज जाईल असे रुंद दरवाजे, एकाहून अधिक मजले असल्यास लिफ्ट, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, न घसरणारी फरशी, स्नानगृहात धरायला दांडे अशा बाबी त्यांत आहेत. या निकषांपूर्वी बांधलेल्या संकुलांत हे सारे असेलच असे नाही. तेथे मोजपट्टी घेऊन जाण्यात संकोच बाळगू नये. स्नानगृहाचा उंबरा, पलंगापासून शौचालयापर्यंतचे अंतर, रात्री दिव्याचे बटण हाताशी येते का, या गोष्टी बैठकीच्या खोलीच्या आकारापेक्षा महत्त्वाच्या आहेत. म्हातारपणी माणूस पडतो तो बहुधा घरातच, आणि खुब्याचे हाड मोडले की पुढचे सारे वेळापत्रक बदलते.

रेरा कायद्याची मर्यादाही ओळखायला हवी. बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकावर राहते, जाहिरातीतील खोट्या आश्वासनाबद्दलही दाद मागता येते. पण सकाळचा चहा, परिचारिकेची फेरी, भोजनालय या सेवा बहुधा वेगळ्या कराराने, कित्येकदा वेगळ्या कंपनीकडून मिळतात. त्यात कसूर झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा मार्ग उरतो, तोही करारात सेवा नेमकी लिहिलेली असेल तर. पुढे सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली की कारभार सभासदांकडे येतो. सभासदांचे सरासरी वय अठ्ठ्याहत्तर असताना हिशेब, निवडणुका, ठेकेदारांशी वाद हे कोण सांभाळणार, हा प्रश्न विक्री कार्यालयात सहसा कोणी विचारत नाही.

वयाच्या अटीचेही तसेच आहे. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने अशा वसाहतींतील राहत्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत पंचावन्न वर्षांवरील एक तरी व्यक्ती असावी लागते, आणि त्या बळावर तरुण कुटुंबांना मनाई करता येते. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. येथे वयाची अट करारावर आणि संस्थेच्या उपविधींवर उभी असते. अट फार सैल असेल, तर दहा वर्षांत संकुल सर्वसाधारण होऊन जाते. फार कडक असेल, तर वारसांना घर मिळते पण तेथे राहता येत नाही, आणि विकायचे तर ग्राहकही साठीपुढचाच शोधावा लागतो. पुनर्विक्रीवर व्यवस्थापनाला किती टक्के द्यायचे, हेही आधी पाहावे.

पैशाचा हिशेब

घर मिळण्याच्या सर्वसाधारणपणे तीन पद्धती आहेत. पहिली सदनिका खरेदीची. दुसरी मोठी अनामत भरून हयातीपुरता राहण्याचा हक्क घेण्याची. तिसरी दरमहा भाड्याची. खरेदीत मालमत्ता राहते, पण रक्कम अडकते. अनामतीत प्रवेश सोपा असतो. मात्र ती बिनव्याजी परत मिळणार असेल, तर वार्षिक सहा टक्के महागाई धरून आजच्या वीस लाखांची दहा वर्षांनंतरची खरेदीशक्ती सुमारे अकरा लाखांवर येते. शिवाय संस्थाच आर्थिक अडचणीत आली तर ही अनामत कोणत्या तारणावर उभी आहे, याचे समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते. भाड्याची पद्धत महाग वाटते, पण चूक झाल्यास माघारी फिरण्याची वाट तिच्यातच सर्वांत रुंद असते.

खरा भार मासिक खर्चाचा. देखभाल, जेवण, सेवा मिळून आज महिना तीस हजार लागत असतील आणि ते दरवर्षी सात टक्क्यांनी वाढत गेले, तर दहा वर्षांनी तोच आकडा एकोणसाठ हजारांच्या घरात जातो. त्यात आयाचा आणि औषधांचा खर्च धरलेला नाही. सरकारी निवृत्तिवेतनात महागाई भत्ता मिळतो. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्याचे निवृत्तिवेतन, असलेच तर, बहुधा तेवढेच राहते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, पण तिचा व्याजदर पाच वर्षांच्या मुदतीसाठी गोठलेला असतो. खर्च चढता आणि उत्पन्न सपाट, असा हा सामना आहे. शुल्कवाढीला करारात काही कमाल मर्यादा आहे का, आणि गेल्या पाच वर्षांत प्रत्यक्षात ते किती वाढले, हे जुन्या रहिवाशांना विचारावे.

नवे घर घेताना जुने घर मुलाच्या नावे करून टाकण्याची घाई अनेक जण करतात. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवता येते. डिसेंबर २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट असल्याचे सिद्ध होणे आवश्यक मानले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात कलमाचा अर्थ अधिक उदारपणे लावला. कोणता अर्थ आपल्या वाट्याला येईल याची परीक्षा पाहण्यापेक्षा बक्षीसपत्रात अट स्पष्ट लिहिणे बरे. परदेशस्थ मुलगा आई-वडिलांसाठी नवी सदनिका घेत असेल, तर तीही त्यांच्या नावे किंवा त्यांच्यासह असावी. आपल्याच छपराखाली पाहुणे होण्याची वेळ कोणावर येऊ नये.

मुखत्यारपत्राबद्दल तर सार्वत्रिक गैरसमज आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ते देणाऱ्याची मानसिक क्षमता हरपली की मुखत्यारी संपुष्टात येते. म्हणजे नेमक्या ज्या वेळी तिची गरज भासते, त्याच वेळी ती कायद्याने निरुपयोगी ठरते. पुढे पालकत्वासाठी न्यायालयात जावे लागते. बँक खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचे ठेवणे, मृत्युपत्र करणे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले व २०२३ मध्ये सोपे केलेले वैद्यकीय इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर नोटरीकडे करून ठेवणे, ही कामे स्थलांतराच्या आधीच उरकावीत.

माणसे आणि जागा

समवयस्कांची सोबत हे या वसाहतींचे मोठे आकर्षण, आणि ते खरेही आहे. दुपारी पत्ते, संध्याकाळी गाण्याची मैफल, कोणाच्या ना कोणाच्या घरचे दिवाळीचे फराळाचे ताट. शहरातील बंद दारांआड हे सुख दुर्मीळ झाले आहे. पण जेथे सारेच ज्येष्ठ, तेथे शोकसभाही वारंवार होतात. काहींना त्यातून धीर मिळतो, काहींना तो फलक रोज वाचवत नाही. पोरांचा गलका नको असणारे आणि त्या गलक्याशिवाय कोमेजणारे, असे दोन स्वभाव असतातच. दुसऱ्या स्वभावाच्या माणसांनी सर्वसाधारण संकुलाला लागून असलेली ज्येष्ठांची इमारत पाहावी. नातवंडांना सुट्टीत किती दिवस राहू देतात, भोजनालयात मांसाहार चालतो का, स्वतःच्या घरी मासे तळले तर कोणी तक्रार करते का, हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. दहा वर्षे रोज जेवायचे आहे.

जागा निवडताना मोकळी हवा या शब्दांना भुलू नये. लोणावळा-कर्जत पट्ट्यातील जुलै-ऑगस्टचा पाऊस पर्यटकाला सुखावतो. दमेकऱ्याला आणि सांधेदुखीच्या रुग्णाला तो अडीच महिने घरात कोंडतो. हृदयरोग आणि पक्षाघातावर उपचार करणारे रुग्णालय किती किलोमीटरवर आहे यापेक्षा, शुक्रवारी संध्याकाळी द्रुतगती मार्ग तुंबलेला असताना तेथे पोहोचायला किती मिनिटे लागतात, हे महत्त्वाचे. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. त्या ठिकाणी ती प्रत्यक्षात किती वेळात येते, ते स्थानिकांकडून कळते. जुने मित्र आणि नेहमीचे डॉक्टर यांच्यापासून अंतर वाढले की पहिल्या वर्षी होणाऱ्या भेटी तिसऱ्या वर्षी थांबतात.

पती-पत्नींपैकी निर्णय कोणाचा, हाही मुद्दा आहेच. बहुतेक घरांत पती वयाने मोठा असतो आणि स्त्रिया अधिक जगतात. त्यामुळे त्या सदनिकेतील शेवटची पाच-दहा वर्षे बहुधा पत्नीने एकटीने काढायची असतात. शेजारीण, भिशी, भजनी मंडळ, ओळखीचा भाजीवाला हे जाळे तिनेच वर्षानुवर्षे विणलेले असते, आणि घर बदलताना तेच तुटते. उलट बाजूही आहे. नवरा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला तरी तिची स्वयंपाकघरातून सुटका झालेली नसते. तयार जेवणाचे भोजनालय ही कित्येकींना मिळालेली पहिली निवृत्ती ठरते. म्हणून जागा पाहायला दोघांनी जावे, पण मत आधी तिचे विचारावे. करारात तिचे नाव सहधारक म्हणून असावे, आणि पतीच्या पश्चात शुल्क कमी होते की तेवढेच राहते, हे त्यात लिहिलेले असावे.

अनेक वसाहती पाहुण्यांसाठी असलेल्या खोलीत काही दिवस राहू देतात. तसे राहायचे असेल तर दिवाळीनंतरच्या आल्हाददायक थंडीत न जाता भर पावसात जावे, पंधरा दिवस तरी राहावे, आणि एकदा तरी रात्री दोन वाजता मदतीची घंटा वाजवून कोण किती वेळात येते ते पाहावे. शुश्रूषा विभागात, परवानगी असेल तर, एक चक्कर मारावी. तेथील चादरी, वास आणि रुग्णाशी बोलताना कर्मचाऱ्यांचा सूर माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगून जातो. राहायला गेल्यावरही पहिले वर्षभर जुने घर विकू नये. भाड्याने द्यावे, आणि करार अकरा महिन्यांचा करावा.