वाचून दाखवलेला कायदा

शाळेतल्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला आहे : 'पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' इंग्रजीचा शिक्षक म्हणून अशी वाक्ये मी आयुष्यभर तपासली. त्यात 'टू रीड द रायट ॲक्ट' हा वाक्प्रचार अधूनमधून हजेरी लावी आणि मुलांची उत्तरेही साधारण एकाच साच्यातून निघत. 'मी उशिरा घरी आलो तेव्हा वडिलांनी मला रायट ॲक्ट वाचून दाखवला.' 'संघ हरला तेव्हा कप्तानाने खेळाडूंना रायट ॲक्ट वाचून दाखवला.' अर्थ काय? तर 'रागावणे'. उत्तर बरोबर, गुण पुरे.

मराठीला या अर्थाच्या शब्दांची मुळीच वाण नाही. आपण खरडपट्टी काढतो, हजेरी घेतो, फैलावर घेतो, कानउघाडणी करतो आणि फारच झाले तर यथासांग पूजाही बांधतो! पण हे सारे अपराध घडून गेल्यानंतरचे सोपस्कार झाले. इंग्रजी वाक्प्रचाराचा रोख मात्र पुढच्या काळाकडे असतो. 'झाले ते झाले. यापुढे असे केलेस तर याद राख,' असा त्याचा स्वर. म्हणून मला त्याला सर्वांत जवळचा मराठी शब्द वाटतो तो 'तंबी'. गंमत अशी, की या वाक्प्रचारात अलंकार नावालाही नाही. इंग्लंडात या नावाचा कायदा खरोखरच होता आणि तो भर चौकात, खवळलेल्या जमावासमोर, मोठ्याने वाचावा लागे.

त्याची जन्मकथा अशी. १७१४ साली राणी ॲन वारली. तिचे एकही अपत्य हयात नव्हते. गादीवर आला तो जर्मनीतल्या हॅनोव्हरचा पहिला जॉर्ज. परक्या मुलखातला हा राजा कित्येकांना रुचला नाही. पदच्युत स्टुअर्ट घराण्याचे पक्षपाती तर संधीची वाटच पाहत होते. राज्याभिषेकाच्या दिवशीच वीसाहून अधिक गावांत दंगली उसळल्या आणि पुढच्या वर्षी त्यांनी आणखी जोर धरला. सरकार धास्तावले. पार्लमेंटने दंगलीचा नवा कायदा केला आणि १ ऑगस्ट १७१५ पासून तो अमलात आला.

कायदा थोडक्यात असा होता. बारा किंवा अधिक माणसे बेकायदा जमून शांततेचा भंग करू लागली, की मॅजिस्ट्रेटने, शेरीफने किंवा मेयरने त्यांच्यापुढे जाऊन एक ठरावीक जाहीरनामा खड्या आवाजात वाचायचा. जमलेल्यांनी तत्काळ पांगावे आणि निमूटपणे आपापल्या घरी किंवा कामधंद्याला जावे, अशी राजाची आज्ञा आहे, एवढाच त्याचा आशय. शेवटी 'देव राजाचे रक्षण करो' हे पालुपद. ते म्हटले, की घड्याळ सुरू झाले. पुढचा एक तास जमावाचा. तासानंतरही बारा माणसे तिथे उरली तर त्यांचा गुन्हा देहान्त शिक्षेचा. त्यांना हुसकावताना कोणी मेले, तर मारणाऱ्याला कायद्याचे अभय. ही देहान्ताची शिक्षा १८३७ साली जन्मठेप काळ्या पाण्यावर आली.

अक्षराला अक्षर जुळले पाहिजे, हा या वाचनाचा नियम. १८३०च्या एका खटल्यात, वाचणाऱ्याने शेवटचे 'देव राजाचे रक्षण करो' गाळले म्हणून ते वाचनच निरर्थक ठरले. आपल्याकडे मंत्रातला एक उच्चार चुकला तर फळ मिळत नाही म्हणतात. तिकडे एक ओळ चुकली म्हणून फास चुकत होता.

आज हे सारे वाचताना आपले लक्ष फाशीकडे जाते, आणि ते साहजिकच आहे. कायदा कठोर होता यात शंका नाही. पण त्याच्या पोटात दोन शहाण्या गोष्टी दडलेल्या होत्या. एक, शस्त्र उचलण्यापूर्वी सांगितले पाहिजे. दुसरी, सांगितल्यावर घरी जायला वेळ दिला पाहिजे. इशारा आणि मुदत. या दोहोंपैकी एक जरी निसटली, तरी मागे उरते ती नुसती तलवार.

आता ही तलवार पाहू.

१७८०च्या जूनमध्ये लंडनला कॅथलिकांविरुद्ध मोठी दंगल झाली. तुरुंग जळाले, घरे लुटली गेली. पण मॅजिस्ट्रेट पुढे होऊन कायदा वाचायला धजेनात आणि तो वाचल्यावाचून सैनिक गोळी झाडायला तयार होईनात. वाचण्याचे धैर्य दाखवलेल्या एका न्यायाधिकाऱ्याचे घर जमावाने उद्ध्वस्त केले. अखेर, प्रसंग पडल्यास वाचल्यावाचूनही सैन्याने कारवाई करावी, असा निर्वाळा राजाच्या दरबारी मिळाला. मग शेकडो माणसे मेली.

दुसरा प्रसंग मँचेस्टरचा, १६ ऑगस्ट १८१९चा. कापसाच्या गिरण्यांनी फुगलेल्या या शहराला पार्लमेंटात स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. तो हक्क मागण्यासाठी सेंट पीटर्स मैदानावर सुमारे साठ हजार माणसे जमली. पुष्कळजण ठेवणीतले कपडे घालून, बायकामुलांसह आले होते. हेन्री हंट हा त्यांचा वक्ता. मैदानाशेजारच्या एका घरातून मॅजिस्ट्रेट हे सारे पाहत होते. आपण तिथूनच कायदा वाचला, असे त्यांनी मागाहून सांगितले. साठ हजारांच्या गर्दीत तो कितीजणांना ऐकू गेला असेल, हे वाचकांनीच ठरवावे. तासाची वाट कोणी पाहिलीच नाही. घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसले आणि थोड्याच वेळात मैदान रिकामे झाले. किमान पंधरा माणसे प्राणांस मुकली, शेकडो जखमी झाली. चारच वर्षांपूर्वी इंग्लंडने वॉटर्लू जिंकले होते. त्या विजयाची कडवट थट्टा म्हणून लोकांनी या दिवसाचे नाव ठेवले 'पीटर्लू'. मँचेस्टरला पार्लमेंटात जागा मिळाल्या त्या पुढे १८३२ साली.

पीटर्लूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९१९ साली, इंग्रजांच्या राज्यात दोन चित्रे दिसतात. ती मला शेजारी शेजारी मांडावीशी वाटतात.

पहिले चित्र स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातले, ३१ जानेवारीचे. कामाचे तास कमी करा म्हणून संपावर गेलेले हजारो कामगार जॉर्ज चौकात जमले आहेत. पोलिसांशी झटापट होते. शेरीफ कागद घेऊन रायट ॲक्ट वाचू लागतो, तोच कोणीतरी तो कागद त्याच्या हातातून हिसकावून घेतो! प्रसंग गंभीर खरा, तरी मनातल्या मनात हसू येतेच.

दुसरे चित्र त्यानंतर अडीच महिन्यांनी, १३ एप्रिलचे, अमृतसरचे. इथे हसू आटून जाते. इंग्लंडचा रायट ॲक्ट हिंदुस्थानला लागू नव्हता. पण १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, बेकायदा जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यावा आणि तो मानला नाही तरच बळ वापरावे, हाच क्रम लिहिलेला होता. त्या दिवशी सकाळी सभाबंदीची दवंडी शहरात काही ठिकाणी पिटली गेली होती. ती सर्वांच्या कानी पडली नव्हती. बैसाखीचा सण, बाहेरगावाहून कितीतरी माणसे आलेली. तिसऱ्या प्रहरी जनरल डायर शिपाई घेऊन जालियनवाला बागेत शिरला आणि एका शब्दाचाही इशारा न देता त्याने गोळीबाराचा हुकूम दिला. सुमारे दहा मिनिटे, १६५० फैरी. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. लोकांचा अंदाज त्याहून कितीतरी मोठा. अमृतसरला लष्करी कायदा रीतसर पुकारला गेला तो दोन दिवसांनी.

पुढे हंटर समिती बसली. मुंबईचे नामांकित वकील चिमणलाल सेटलवाड तिचे सभासद होते. त्यांनी डायरची कसून उलटतपासणी केली. गोळ्या न झाडताही कदाचित जमाव पांगवता आला असता, पण ते लोक परत आले असते आणि आपल्याला हसले असते, अशा अर्थाचा जबाब डायरने दिला. समितीने १९२०च्या अहवालात दोन दोष स्पष्ट दाखवले : इशारा दिला नाही आणि गोळीबार फार वेळ चालू ठेवला. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या कठोर कायद्यालाही जी अट घालावीशी वाटली होती, ती अमृतसरच्या माणसांच्या वाट्याला आली नाही. त्याच साली ग्लासगोत मात्र ती पाळण्यासाठी एक अधिकारी कागद हाती घेऊन उभा राहिला होता.

रायट ॲक्ट इंग्लंडात १९६७ साली रद्द झाला. त्याचे उरलेसुरले अवशेष १९७३ साली गेले. वाक्प्रचार मात्र ठणठणीत आहे. कायद्यापेक्षा भाषेचे आयुष्य मोठे! आपल्याकडचेच पाहा ना. भारतीय दंडविधानाचे ४२० कलम फसवणुकीचे. १ जुलै २०२४पासून ते दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक ३१८व्या कलमात जाऊन बसली. म्हणून कोणी लबाडाला 'पक्का तीनशे अठरा आहे' म्हणू लागले आहे का? तो चारसो बीस होता आणि चारसो बीसच राहणार.

भाषा अशी जपून ठेवते, तशी विसरतेही. रायट ॲक्टमधला दरारा वाक्प्रचारात उतरला, पण त्यातला तो एक तास मात्र वाटेत कुठेतरी गळून पडला. म्हणून मुले त्याचा अर्थ 'रागावणे' असा लिहितात आणि त्यांना पुरे गुण द्यावे लागतात.

तो हरवलेला तास मला अजून सापडतो तो आपल्या घरांत. दिवाळीची सुट्टी, चार मामेभावंडे-आतेभावंडे एकत्र, फराळाच्या डब्यावर धाड आणि माजघरात गदारोळ! स्वयंपाकघरातून आई बाहेर येते आणि म्हणते, "दहा मोजेपर्यंत सगळे अंगणात दिसले पाहिजेत. एक... दोन..." तिचा आवाज प्रत्येकाला ऐकू जातो आणि दहा मोजायला ती पुरेसा वेळ लावते. आठावर आली, की थोडी थांबते, नऊ तर फारच लांबवते, आणि दहा कधी येतच नाहीत. कारण तोवर माजघर रिकामे झालेले असते. हातात सत्ता असलेल्या प्रत्येक माणसाने मोजायला शिकावे ते तिच्याकडून.