बियाणे तपासणारा शेतकरी

मृग जवळ आला की आमच्या नांदेड-लातूर भागातला शेतकरी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि आठवडाभराने किती उगवले ते मोजतो. पीक फसले तर एकट्या जमिनीला तो दोष देत नाही. पण त्याच्याच घरात लग्नानंतर तीन वर्षे पाळणा हलला नाही, की सगळ्यांची बोटे सुनेकडे वळतात. 'वांझोटी' हा शब्द बाईला जितक्या सहज चिकटला, तितका त्याचा जोडीदार पुरुषाला कधी चिकटला नाही.

आपले जुने वैद्यक इतके एकांगी नव्हते. गर्भधारणेला ऋतू, क्षेत्र, अंबू म्हणजे पाणी आणि बीज ही चारही लागतात, असे सुश्रुतसंहिता शेतीचाच दाखला देऊन सांगते. पुरुषाने आधी महिनाभर ब्रह्मचर्य पाळावे, तूप-दुधाबरोबर साळीचा भात खावा, असेही तीत आहे. चरकसंहितेने तर शुक्राचे आठ दोष नोंदवले. तयारी दोघांनी करायची, हे तेव्हा मान्य होते. पुढे आपण नवस आणि उपास तेवढे बाईच्या पदरात टाकले.

१६७७ साली हॉलंडच्या लेवेनहूकने सूक्ष्मदर्शकातून शुक्रजंतू पाहिले. ते तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, हे आता आपल्याला ठाऊक आहे. म्हणून पुरुषाची तयारी निदान तीन महिने आधी सुरू व्हावी. तंबाखू, सिगारेट आणि दारू सोडावी, वजन आवरावे. व्यायामशाळेत मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर बीजनिर्मितीच थांबवू शकतात. फवारणी करताना हातमोजे आणि मास्क विसरू नयेत. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे शेतीचे औषध बनवणाऱ्या कारखान्यातले अनेक कामगार निर्बीज झाल्याचे आढळले होते.

आहाराचे म्हणाल तर ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे हे आपले ताट चांगलेच आहे. गोळ्यांवर मात्र फार भिस्त नको. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक जोडप्यांवर झालेल्या चाचणीत पुरुषांना जस्त आणि फॉलिक आम्ल देऊनही अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. वीर्यतपासणी साधी असते. तिला ना टाके लागतात, ना भूल. गोणपाट उलगडायला जो शेतकरी लाजत नाही, त्याने इथेही लाजू नये.