यदृच्छा कीं योजना?

इंग्लंडच्या ॲन राणीचा वैद्य जॉन आर्बथनॉट हा मोठा विनोदी गृहस्थ होता. जोनाथन स्विफ्टचा तो स्नेही. 'जॉन बुल' हें इंग्रज माणसाचें प्रसिद्ध सोंग १७१२ सालीं त्याच्याच लेखणींतून उतरलें. परंतु संख्याशास्त्राच्या इतिहासांत त्याचें नांव राहिलें आहे, तें १७१० सालच्या एका लहानशा निबंधामुळें. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत तो प्रसिद्ध झाला.

लंडनच्या ख्रिस्ती देवळांतून बाप्तिस्मा झालेल्या बालकांची वार्षिक नोंद होत असे. १६२९ पासून १७१० पर्यंतच्या ८२ वर्षांच्या नोंदी आर्बथनॉटनें एकत्र मांडल्या. पहिल्याच वर्षीं मुलगे ५२१८ व मुली ४६८३. पुढेंही तोच प्रकार; मुलींची संख्या मुलग्यांहून अधिक भरली असें एकही वर्ष त्यांत सांपडत नाहीं.

आतां त्याची युक्ति पाहावी. आपल्या शास्त्रकारांची रीत वाचकांना परिचित आहेच: आधीं पूर्वपक्ष मांडावयाचा, तो प्रामाणिकपणें शेवटपर्यंत न्यावयाचा आणि मग त्याचें खंडन करावयाचें. आर्बथनॉटनें तेंच केलें. पूर्वपक्ष असा: मुलगा कीं मुलगी हा केवळ यदृच्छेचा खेळ असून दोहोंचा संभव समसमान आहे. हें खरें मानलें, तर एखाद्या वर्षीं मुलगे अधिक भरण्याचा संभव फार तर निम्मा. नाणें उडवून छापा पडावा तितकाच. लागोपाठ दोन वर्षें तसें होण्याचा संभव पाव, तीन वर्षें होण्याचा एकअष्टमांश. आणि ८२ वर्षें ओळीनें तसेंच होण्याचा संभव काढूं गेल्यास एकाला पंचवीस आंकडी संख्येनें भागावें लागतें! इतकी दुर्मिळ गोष्ट घडली असें मानण्यापेक्षां पूर्वपक्षच खोटा मानणें अधिक शहाणपणाचें. आजचा महाविद्यालयीन विद्यार्थी एखाद्या प्रमाणाविषयींच्या विधानाची परीक्षा करतो, ती याच वाटेनें. किती दुर्मिळ म्हणजे अविश्वसनीय, ही मर्यादा—बहुधा शंभरांत पांच—तो आधीं ठरवून ठेवतो, इतकाच काय तो फरक.

येथवर सर्व बिनतोड. पण आर्बथनॉट येथें थांबला नाहीं. यदृच्छा नव्हे, म्हणून ईश्वरी योजना, असा निर्णय त्यानें दिला. पुरुषांना बाहेरचे अपघात अधिक. ती तूट भरून निघावी व प्रत्येक स्त्रीला योग्य वयाचा पति मिळावा, म्हणून विधात्यानेंच मुलगे थोडे अधिक धाडले! बहुपत्नीकत्व निसर्गनियमाविरुद्ध आहे, हेंही त्यानें एवढ्यावरूनच सिद्ध करून टाकलें.

निकोलस बर्नूली या तरुण स्विस गणितज्ञानें नेमकें या उडीवर बोट ठेवलें. त्याचें म्हणणें असें: ३५ बाजूंचा एक फांसा कल्पावा, १८ बाजू मुलग्यांच्या, १७ मुलींच्या. असा फांसा दरसाल १४,००० वेळां टाकला, तर लंडनसारख्याच नोंदी हातीं येतील. म्हणजे यदृच्छा खोटी ठरलीच नाहीं. खोटा ठरला तो 'समसमान' हा शब्द. पुढें लाप्लासनें पॅरिसचे १७४५ ते १७७० चे आंकडे घेतले. मुलगे २,५१,५२७ व मुली २,४१,९४५. समसमानतेचा पूर्वपक्ष तेथेंही टिकला नाहीं.

पूर्वपक्ष पडला म्हणजे आपला सिद्धांत आपोआप उभा राहत नाहीं, हा या वादाचा धडा; आणि तो आपल्याही कामाचा आहे. बर्नूलीच्या फांशाप्रमाणें हजार मुलग्यांमागें सुमारें ९४४ मुली जन्मावयास हव्या. महाराष्ट्राच्या जनगणनेंत सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत हें प्रमाण १९९१ सालीं ९४६ होतें. २००१ सालीं तें ९१३ झालें, व २०११ सालीं ८९४ वर आलें. जन्मांची गणना व बालकांची गणना तंतोतंत एक नव्हे. तरी लक्षावधि बालकांच्या मोजणींत एवढी घसरण यदृच्छेनें होत नाहीं, हें सांगावयास गणित पुरेसें आहे. तिचें कारण मात्र गणित सांगत नाहीं. तें दवाखान्यांतून व घराघरांतून शोधावें लागतें. तसें शोधणाऱ्यांना तें गर्भलिंगपरीक्षेंत सांपडलें होतें, म्हणूनच महाराष्ट्रानें १९८८ सालीं तिला आळा घालणारा कायदा केला. १९९४ सालीं तसाच कायदा सबंध देशाकरितां झाला. वर दिलेली घसरण महाराष्ट्राच्या त्या कायद्यानंतरची आहे. आर्बथनॉटला लंडनांत विधात्याची योजना दिसली. येथील योजना माणसांची आहे, आणि ती मोडावयाची तर तीही माणसांनींच मोडावयास हवी.