स्कॉटलंडहून नॉर्वेला हललेला ऑपेरा

रिचर्ड वाग्नरच्या ‘फ्लाइंग डचमन’ या ऑपेराची जन्मकथा बहुतेक ठिकाणी वादळापासून सुरू होते. रीगामधली नोकरी गेली, कर्ज डोक्यावर बसले, तेव्हा १८३९च्या उन्हाळ्यात वाग्नर पत्नी मिन्ना आणि रॉबर नावाच्या धिप्पाड कुत्र्यासह सावकारांना चुकवून सरहद्दीपार निसटला आणि ‘थेटिस’ या छोट्या व्यापारी जहाजाने लंडनला निघाला. आठवडाभराचा प्रवास तीन आठवड्यांच्या वर लांबला. वादळात जहाजाला नॉर्वेच्या सांडविका खाडीत आसरा घ्यावा लागला. तिथल्या कातळकड्यांवर घुमलेल्या खलाशांच्या आरोळ्यांतून ऑपेराची लय सुचली, असे वाग्नरने पुढे आत्मचरित्रात सांगितले. कथा मोठी देखणी आहे. कागदपत्रे मात्र वेगळी साक्ष देतात.

१८४१ची संहिता उघडली तर तिच्यात नॉर्वे नाहीच. सारे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर घडते. नायिकेचा बाप डोनाल्ड, तिच्यावर जीव लावणारा शिकारी गेऑर्ग. २ जानेवारी १८४३ला ड्रेस्डेनमध्ये पहिला प्रयोग झाला, त्याच्या अगदी तोंडावर डोनाल्डचा डालांड आणि गेऑर्गचा एरिक झाला. खाडीतच बीज पडले असते, तर कथानक स्कॉटलंडात कशाला रुजले असते? स्कॉटलंड आले हाइनरिश हाइनेच्या १८३४च्या ‘श्नाबेलेवोप्स्की’मधून. तिथे नायिका स्कॉटिश व्यापाऱ्याची मुलगी आहे, घरात शापित कप्तानाची जुनी तसबीर आहे, आणि दर सात वर्षांनी किनाऱ्याला लागणाऱ्या त्या कप्तानाला स्त्रीची निष्ठाच सोडवू शकते. हाइनेने हे थट्टेत लिहिले. वाग्नरने मनापासून खरे मानले, आणि माझ्या मते त्याची खरी प्रतिभा इथेच दिसते. १८४३च्या आत्मवृत्तात त्याने हाइनेचे ऋण मान्यही केले होते. पुढे ही कबुली आखडत गेली.

यावर कोणी म्हणेल, कथा पुस्तकातली असेल, पण समुद्राचा तो आवाज पुस्तकातून येत नाही. हे मान्य करायलाच हवे. पॅरिसमध्ये सर्वांत आधी रचलेल्या तुकड्यांत नायिका सेंटाच्या गाण्याबरोबर खलाशांचे समूहगीत होते. मात्र त्यावरून एवढेच ठरते की वादळाने संगीताला अंग दिले. कथेचा सांगाडा हाइनेचाच राहिला. शेवटच्या घटकेला नॉर्वे का, याचे कारणही बहुधा व्यवहारी असावे. पॅरिसच्या ऑपेराने वाग्नरचा आराखडा ५०० फ्रँकला विकत घेतला, पण संगीताचे काम त्याला दिले नाही. त्याच विषयावरचा पिएर-लुई डीचचा ‘ल व्हेसो फाँतोम’ नोव्हेंबर १८४२मध्ये तिथे रंगमंचावर आला, आणि तो घडतो स्कॉटलंडच्याच शेटलंड बेटांवर.