भिवंडी परिसरातील वन्य पशू : यादीपासून वाटेपर्यंत

१८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये वाघ, बिबट्या, सांबर यांची नोंद आढळते; परंतु ती यादीच होय. पशूंच्या संचाराचा इतिहास तीवरून लिहिता येत नाही. २०१५ साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व परिसरात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने, अंगावरील ठिपक्यांवरून, ३५ बिबटे ओळखण्यात आले. चितळ-सांबरांचाही अंदाज घेण्यात आला. २०२१ मध्ये पाच बिबट्यांना उपग्रहाशी जोडलेले गळपट्टे बांधले गेले, तेव्हा ‘महाराजा’ नामक नर तुंगारेश्वरापर्यंत गेल्याचे दिसले. ते अभयारण्य वसई-भिवंडी तालुक्यांत आहे. वाटेत चिंचोटी-भिवंडी रस्ता व वसई-दिवा लोहमार्ग आडवे येतात. गोदामे वाढत असता ही वाट नोंदून राखली नाही, तर पुढील इतिहासकाराच्या हाती पुन्हा केवळ यादीच उरेल.