फॉलेट, मेरी पार्कर

(३ सप्टेंबर १८६८–१८ डिसेंबर १९३३). अमेरिकन राजकीय विचारवंत, समाजकार्यकर्त्या आणि व्यवस्थापनशास्त्राच्या आद्य व्याख्यात्यांपैकी एक. जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील क्विन्सी येथे; मृत्यू बॉस्टनमध्ये. त्यांनी कधी कारखाना चालवला नाही की विद्यापीठात प्राध्यापकपद भूषवले नाही. तरीही संघर्ष, अधिकार आणि हुकूम यांविषयीचे त्यांचे विचार व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही शिकवले जातात. पाठ्यपुस्तके त्यांना बहुधा ‘मानवी संबंध’ विचारसरणीच्या पूर्वसूरी ठरवून एका परिच्छेदात आटोपतात. ही ओळख अपुरी आहे. फॉलेट यांनी व्यवस्थापकांना जे सांगितले, त्यातले बरेचसे त्या आधी शाळांच्या इमारतींत, नगरातल्या समित्यांत आणि राज्याच्या वेतन मंडळांत शिकल्या होत्या. ती पार्श्वभूमी वगळली की त्यांचा विचार गोडीगुलाबीचा उपदेश वाटू लागतो.

रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी त्यांना १८९८ मध्ये, तिशी जवळ आल्यावर मिळाली. त्याआधी १८९० च्या सुमारास त्यांनी केंब्रिजच्या न्यूनम महाविद्यालयात वर्षभर अध्ययन केले होते, आणि १८९६ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या सभापतिपदावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. सभापतीचे अधिकार नियमपुस्तकात किती आणि प्रत्यक्षात किती, हा त्या ग्रंथाचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी माजी सभापतींच्या मुलाखतीही घेतल्या. थिओडोर रूझवेल्ट यांनी ग्रंथाचे परीक्षण लिहून त्याची वाखाणणी केली. मात्र विद्वत्तेची ही सरळ वाट सोडून त्या बॉस्टनच्या रॉक्सबरी या कष्टकरी वस्तीत कामाला लागल्या. संध्याकाळी रिकाम्या पडणाऱ्या शाळा लोकांसाठी खुल्या कराव्यात हा आग्रह त्यांनी धरला, आणि १९११ मध्ये ईस्ट बॉस्टनच्या हायस्कुलात असे केंद्र सुरू झाले. शाळा सोडणाऱ्या मुलामुलींना कामधंदा मिळवून देण्याच्या उपक्रमातही त्या होत्या. इथे त्यांचा मालकवर्गाशी नित्याचा संबंध आला.

मॅसॅच्युसेट्सने १९१२ मध्ये किमान वेतनाचा कायदा केला. अमेरिकेतला हा असा पहिला कायदा, आणि तो फक्त स्त्रिया व अल्पवयीन कामगारांपुरता होता. एकेका धंद्यासाठी वेतन मंडळ नेमले जाई. त्यात मालकांचे आणि कामगार स्त्रियांचे प्रतिनिधी समसमान, शिवाय दोन्हींशी हितसंबंध नसलेले जनतेचे प्रतिनिधी. फॉलेट या तिसऱ्या बाजूने मंडळांवर बसल्या. एकट्या बाईला आठवड्याला जगायला किती लागते, हा तिथला मुख्य वाद. खोलीभाडे, जेवण, कपडे अशा एकेका बाबीवर दोन्ही बाजू आपापले आकडे मांडणार हे उघडच होते. तज्ज्ञांनी आयती माहिती आणून ठेवली म्हणजे भांडण मिटते या समजुतीवर त्यांनी पुढे १९२४ च्या ‘क्रिएटिव्ह एक्स्पीरियन्स’मध्ये जी टीका केली, तिला या अनुभवाचे पाठबळ आहे.

जानेवारी १९२५ मध्ये हेन्री मेटकाफ यांनी न्यूयॉर्कच्या ब्यूरो ऑफ पर्सोनेल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये त्यांना व्याख्यानांसाठी बोलावले. श्रोते उद्योगांतले अधिकारी. एकाची सरशी किंवा दोघांची तडजोड यांखेरीज संघर्षातून तिसरी वाट निघू शकते, ती दोन्ही इच्छांचा मेळ घालण्याची, असे त्यांनी सांगितले. उदाहरणे साधी होती. ग्रंथालयाच्या लहानशा खोलीत एकाला खिडकी उघडी हवी, फॉलेट यांना बंद; शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली, कारण त्याला फक्त हवा हवी होती आणि यांना अंगावर थेट वारा नको होता. दुग्धव्यावसायिकांच्या एका सहकारी संघात चढावरून येणारे आणि उतारावरून येणारे शेतकरी दुधाचे कॅन आधी कोणी उतरवायचे यावरून इतके हटून बसले की संघ फुटायची वेळ आली. फलाटाची जागा बदलताच दोघांनाही एकदम माल उतरवता येऊ लागला. हुकमाबद्दलही हेच: तो साहेबाच्या मर्जीतून येऊ नये, कामाची परिस्थिती काय मागते हे दोघांनी मिळून पाहावे आणि दोघांनी तिचे ऐकावे. दुसऱ्यावर चालवलेली सत्ता आणि दुसऱ्यासह वापरलेली सत्ता हा त्यांचा प्रसिद्ध भेद याच विचारातला. १९३३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या नव्या व्यवसाय प्रशासन विभागात त्यांनी व्याख्याने दिली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

वेतन मंडळांवरचे काम अर्धवेळ आणि अल्प होते, त्यावर एवढा भार कशाला, असा आक्षेप घेता येईल. पदाच्या आकाराने पाहिले तर तो खरा आहे. फॉलेट काही मंत्री नव्हत्या. पण समसमान बाजू, समोर असलेला प्रश्न, माहिती जमवण्यात दोघांचाही हात ही व्याख्यानांतली रचना मंडळाच्या रचनेशी जितकी जुळते, तितकी कारखान्याच्या उतरंडीशी जुळत नाही. दुसरा आक्षेप जड आहे: मालक आणि मजूर यांची ताकद विषम असताना मेळ कसला? सगळेच संघर्ष असे सुटतात असे फॉलेट यांनीही म्हटलेले नाही; दोन पुरुषांना एकाच स्त्रीशी लग्न करायचे असेल तर मेळ घालता येत नाही, हे उदाहरण त्यांचेच. तरी व्याख्यानांत विषमतेचा विचार तोकडा पडतो हे मान्य करावे लागेल. मंडळात मात्र समानता आपोआप आलेली नव्हती, ती कायद्याने घडवली होती: शिवणकाम किंवा ब्रश बनवणाऱ्या बाईला मालकाइतकीच मते राज्याने दिली म्हणून बोलणी होऊ शकत. अर्थात या कायद्याचे दातही बोथटच. मंडळाने सुचवलेले वेतन न देणाऱ्या मालकाला दंड नव्हता, त्याचे नाव वर्तमानपत्रात छापले जाई एवढेच.

फॉलेट यांची व्यवस्थापनविषयक व्याख्याने मेटकाफ आणि लिंडल अर्विक यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी ‘डायनॅमिक ॲडमिनिस्ट्रेशन’ या नावाने एकत्र केली. लंडनची व्याख्याने १९४९ मध्ये निघाली. पुढे हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्रकाशनाने १९९५ मध्ये त्यांच्या लेखनाचा नवा संग्रह काढला आणि पीटर ड्रकर यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. उद्योगजगताने फॉलेट वाचल्या त्या मुख्यतः या संग्रहांतून. लोकशाही आणि वस्तीपातळीवरच्या संघटनेवरचा ‘द न्यू स्टेट’ (१९१८) हा त्यांचा ग्रंथ व्यवस्थापनाच्या वर्गांत क्वचितच पोचला. तो राज्यशास्त्राच्या कपाटात राहिला.